माहितीला शिस्त लावणारा गणिती : एडगर कॉड

बँकेच्या खात्यातील शिल्लक, विम्याचा हप्ता, महाविद्यालयाची गुणपत्रिका, रुग्णालयातील केसपेपर, दुकानातील मालाचा हिशेब अशा शहरी माणसाच्या आयुष्यातील असंख्य नोंदी आज संगणकात साठवलेल्या असतात. त्यांपैकी बहुतेक नोंदी आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेल्या साध्या तक्त्यांत ठेवलेल्या असतात आणि हव्या त्या क्षणी त्या तक्त्यांना प्रश्न विचारून उत्तर मिळवले जाते. ही पद्धत आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणाला तरी सुचावी लागली आणि सुचल्यानंतर ती स्वतःच्याच कंपनीच्या गळी उतरवण्यासाठी त्याला दशकभर झगडावे लागले, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एडगर फ्रँक कॉड हे त्या गणितज्ञाचे नाव. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते परीक्षेपुरते ठाऊक असते. त्यांच्या कल्पनेवर इतरांनी अब्जावधी डॉलरचे उद्योग उभारले, आणि जगभरच्या प्रोग्रामरांनी त्याच कल्पनेवर कोणालाही फुकट वापरता येतील असे डेटाबेसही घडवले. हे दोन्ही घडू शकले, कारण कॉड यांनी आपला विचार कंपनीच्या कपाटात राहू दिला नाही.

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर झाला. हे बेट चुनखडीच्या दगडासाठी प्रसिद्ध आहे. लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल याच दगडात बांधलेले आहे. वडील चामड्याच्या वस्तूंचे उत्पादक, आई शिक्षिका, आणि सात भावंडांत एडगर सर्वांत धाकटे. शालेय शिक्षण पूल येथील ग्रामर स्कूलमध्ये झाल्यावर शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डच्या एक्झिटर महाविद्यालयात गणित व रसायनशास्त्र शिकण्यासाठी गेले. दुसरे महायुद्ध पेटलेले होते. १९४२ मध्ये ते स्वेच्छेने ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले आणि सागरी टेहळणी करणाऱ्या कोस्टल कमांडमध्ये वैमानिक म्हणून त्यांनी सुंडरलंड जातीची अवजड विमाने चालवली. युद्ध संपल्यावर ते पुन्हा ऑक्सफर्डला परतले आणि १९४८ मध्ये पदवीधर झाले.

त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेची वाट धरली. न्यूयॉर्कमध्ये आरंभी त्यांनी मेसीज या मोठ्या दुकानात पुरुषांचे कपडे विकले, मग काही महिने टेनेसी विद्यापीठात गणित शिकवले. १९४९ मध्ये ते आयबीएम कंपनीत गणिती प्रोग्रामर म्हणून रुजू झाले. संगणक ही वस्तू तेव्हा बाल्यावस्थेत होती. आयबीएमचे एसएसईसी हे अवाढव्य गणनयंत्र न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरील कंपनीच्या इमारतीत तळमजल्यावर मांडलेले होते आणि रस्त्याने जाणारे लोक काचेतून ते पाहत थांबत. कॉड यांनी आपल्या पहिल्या आज्ञावल्या याच यंत्रासाठी लिहिल्या. त्यानंतर आयबीएमच्या ७०१ या संगणकाच्या घडणीतही त्यांचा सहभाग होता.

नोकरीत बस्तान बसत असतानाच त्यांनी अमेरिका सोडली. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्टांचा शोध घेण्याच्या नावाखाली चालवलेल्या छळसत्राचे ते दिवस होते. शिक्षक, लेखक, शासकीय कर्मचारी यांच्यावर केवळ संशयावरून बालंट येत होते. या वातावरणाला विटून १९५३ मध्ये कॉड कॅनडात ओटावा येथे निघून गेले आणि तेथील एका कंपनीच्या माहिती-प्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. चार वर्षांनी, १९५७ मध्ये, ते अमेरिकेत आणि आयबीएममध्ये परतले. परतल्यावर त्यांनी स्ट्रेच या महत्त्वाकांक्षी संगणकावर एकाच वेळी अनेक आज्ञावल्या एकमेकींच्या कामात व्यत्यय न आणता कशा चालवाव्यात, या प्रश्नावर काम केले.

वयाच्या अडतिसाव्या वर्षाच्या सुमारास ते पुन्हा विद्यार्थी झाले. १९६१ मध्ये आयबीएमच्या शिष्यवृत्तीवर ते मिशिगन विद्यापीठात दाखल झाले आणि जॉन हॉलंड यांच्या मार्गदर्शनाखाली १९६५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता स्वतःची प्रतिकृती स्वतःच निर्माण करणारी काल्पनिक यंत्रे. विख्यात गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी अशा यंत्राची रचना करताना प्रत्येक पेशीला २९ अवस्था दिल्या होत्या. तेच काम केवळ ८ अवस्थांत होऊ शकते, हे कॉड यांनी दाखवून दिले. गुंतागुंत कमी करून गाभ्यापर्यंत पोहोचण्याची ही वृत्ती पुढे त्यांच्या सर्वांत मोठ्या कामातही दिसली. त्यासाठी ते १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत आले.

त्या काळी मोठ्या कंपन्यांची माहिती संगणकात कशी ठेवली जात असे, हे समजल्याखेरीज कॉड यांनी काय केले ते कळणार नाही. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली तेव्हा नुकतीच आली होती. चंद्रावर माणूस उतरवण्याच्या अपोलो मोहिमेतील सॅटर्न-५ या अग्निबाणाच्या लक्षावधी सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी ती रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांच्या साथीने तयार झाली होती. तिची रचना वंशवृक्षासारखी होती. एका मूळ नोंदीखाली तिच्या उपनोंदी आणि त्यांच्याखाली आणखी नोंदी. दुसरी एक पद्धत चार्ल्स बॅकमन यांनी विकसित केली होती. तीत नोंदी एकमेकींना साखळ्यांनी जोडलेल्या असत आणि प्रोग्रामर त्या साखळ्यांचा माग काढत हव्या त्या नोंदीपर्यंत पोहोचत असे. दोन्ही पद्धती वेगवान होत्या. तथापि दोहोंतही माहिती कशी साठवली आहे हे प्रोग्रामरला तंतोतंत ठाऊक असावे लागे.

एखाद्या सार्वजनिक वाचनालयाचे उदाहरण घेऊ. प्रत्येक सभासदाच्या नावाखाली त्याने नेलेल्या पुस्तकांची यादी, अशी वृक्षासारखी रचना केली तर एका सभासदाकडे कोणती पुस्तके आहेत हे चटकन सांगता येते. मात्र एखादे पुस्तक आजवर कोणकोणी नेले असे विचारताच पहिल्या सभासदापासून शेवटच्या सभासदापर्यंत सगळी पाने उलटावी लागतात. त्यासाठी निराळी आज्ञावली लिहावी लागते. वाचनालयाने उद्या पुस्तकांनुसार रचना बदलायचे ठरवले, तर आधी लिहिलेल्या सगळ्या आज्ञावल्या मोडून पडतात. मोठ्या कंपन्यांत अशा दुरुस्त्यांतच कुशल प्रोग्रामरांचा बराच वेळ खर्ची पडत असे. व्यवस्थापकाला साधा प्रश्न पडला तरी त्याचे उत्तर मिळण्यासाठी दिवसचे दिवस, प्रसंगी आठवडे, थांबावे लागे.

कॉड यांना ही स्थिती गणितज्ञ या नात्याने अस्वस्थ करीत होती. या प्रणालींच्या मुळाशी कोणताही सिद्धान्त नाही, केवळ सोयीनुसार जोडलेले ठिगळांचे काम आहे, असे त्यांचे मत झाले. १९६९च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आयबीएमचा एक अंतर्गत संशोधन अहवाल लिहिला आणि जून १९७० मध्ये असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी या संस्थेच्या मासिकात त्याचे विकसित रूप शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाले. मोठ्या, अनेकांनी मिळून वापरायच्या माहितीसाठ्यांसाठी संबंधांवर आधारलेली रचना, हा त्याचा विषय होता. 'रिलेशनल डेटाबेस' या संकल्पनेचा जन्म या निबंधात झाला.

कल्पना वरकरणी अगदी साधी होती. सगळी माहिती तक्त्यांत ठेवावी. वाचनालयाच्या उदाहरणात सभासदांचा एक तक्ता, पुस्तकांचा दुसरा आणि देवघेवीचा तिसरा. देवघेवीच्या तक्त्यात सभासदाचा क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक आणि तारीख एवढेच रकाने. एका नोंदीतून दुसरीकडे नेणारी कोणतीही छुपी साखळी नाही. समान क्रमांक हाच दोन तक्त्यांतील दुवा. आता सभासदाकडून पुस्तकाकडे जायचे की पुस्तकाकडून सभासदाकडे, याला महत्त्व उरत नाही. दोन्ही प्रश्न सारख्याच सुलभतेने विचारता येतात आणि रचनाकाराला आधी न सुचलेला तिसरा प्रश्नही विचारता येतो. गणितातील संचसिद्धान्त आणि तर्कशास्त्र यांचा भक्कम पाया या मांडणीला होता. तक्त्यांवर केलेल्या प्रत्येक क्रियेचे फळ पुन्हा तक्ताच असते, त्यामुळे लहान क्रिया एकीवर एक रचून कितीही अवघड प्रश्नाचे उत्तर काढता येते.

या मांडणीतील खरी क्रांती मात्र आणखी खोलवर होती. काय हवे आहे एवढेच माणसाने सांगावे. ते कसे शोधायचे हे यंत्राने ठरवावे, अशी कॉड यांची भूमिका होती. माहिती चकतीवर कोठे आणि कोणत्या क्रमाने ठेवली आहे, याच्याशी वापरणाऱ्याचा संबंध असता कामा नये. साठवण्याची पद्धत बदलली तरी आज्ञावली तशीच चालली पाहिजे. आज हे स्वाभाविक वाटते. पण ज्या काळात संगणकाच्या स्मृतीचा प्रत्येक कण मोजून वापरला जात होता, त्या काळात ही मागणी बहुतेक तंत्रज्ञांना अव्यवहार्य वाटली.

पाठोपाठच्या निबंधांत कॉड यांनी तक्त्यांची रचना निर्दोष कशी करावी याचे नियम घालून दिले. नॉर्मलायझेशन या नावाने ते आज प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवले जातात. देवघेवीच्या प्रत्येक नोंदीत सभासदाचा पत्ताही लिहून ठेवला असे समजा. सभासद दादरहून बोरिवलीला राहायला गेला की त्याच्या नावावरील साऱ्या नोंदी बदलाव्या लागतील, आणि एखादी जरी राहून गेली तरी वाचनालयाकडे एकाच माणसाचे दोन पत्ते होतील. शिवाय जुन्या नोंदी काढून टाकल्या तर पत्ताच नाहीसा होईल. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, हा त्या नियमांचा मथितार्थ. बँकेत किंवा रुग्णालयात अशा विसंगतीची किंमत किती मोठी असू शकते, हे सांगायला नको.

आयबीएमने या संशोधनाचे स्वागत केले नाही. आयएमएसवर कंपनीने मोठी गुंतवणूक केली होती आणि तिच्यापासून भरघोस उत्पन्न मिळत होते. चालू धंद्याला धक्का देणारी कल्पना आपल्याच प्रयोगशाळेतून यावी, हे व्यवस्थापनाच्या पचनी पडणे कठीण होते. कॉड तसे सौम्य वृत्तीचे. पण तत्त्वाच्या प्रश्नावर ते हटत नसत. त्यांनी कंपनीच्या ग्राहकांपुढे आपली मांडणी केली, व्याख्याने दिली, निबंध लिहिले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांचा १९७०चा निबंध तोवर कोणाच्याही हाती पडेल अशा मासिकात छापला गेला होता. अंतर्गत अहवाल दडपता येतो. प्रसिद्ध झालेला निबंध परत घेता येत नाही.

१९७४ मध्ये अ‍ॅन आर्बर येथे, म्हणजे ज्या गावी कॉड यांनी डॉक्टरेट मिळवली त्याच गावी, या क्षेत्रातील तज्ज्ञांच्या सभेत कॉड आणि बॅकमन यांचा जाहीर वाद झाला. बॅकमन यांना १९७३ मध्ये टुरिंग पुरस्कार मिळालेला होता आणि त्यांच्या पद्धतीवर चालणाऱ्या प्रणाली प्रत्यक्ष कारखान्यांत राबत होत्या. कॉड यांच्याकडे होते ते केवळ गणित. तक्त्यांची पद्धत फार मंद चालेल, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप. तो निराधार नव्हता; यंत्राने उत्तर शोधण्याचा मार्ग स्वतः निवडायचा, तर तो कुशल माणसाइतका चांगला निवडेल याची खात्री तेव्हा कोणीच देऊ शकत नव्हते. त्या सभेत कोणाचाही निर्णायक विजय झाला नाही, परंतु तरुण संशोधकांचे लक्ष कॉड यांच्या बाजूला वळले.

अखेर सॅन होजे येथेच सिस्टिम आर नावाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोन तरुण संशोधकांनी १९७४ मध्ये तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी साध्या इंग्रजी शब्दांची एक भाषा सादर केली. तिचे नाव सीक्वेल. पुढे व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे ते एसक्यूएल असे झाले. बॉइस यांचे त्याच वर्षी अकाली निधन झाले, पण त्यांचे नाव बॉइस-कॉड या नियमात कायमचे राहिले. वेगाच्या आक्षेपाला पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले. एकाच प्रश्नाच्या अनेक संभाव्य मार्गांचा खर्च आधी अंदाजून त्यांतला स्वस्त मार्ग यंत्राने निवडायचा, ही त्यांची १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत आजच्या डेटाबेसांचाही आधार आहे. कॉड स्वतः या प्रकल्पाच्या केंद्रस्थानी नव्हते. एसक्यूएलने आपल्या गणिताशी अनेक ठिकाणी तडजोड केली, ही त्यांची तक्रार शेवटपर्यंत राहिली.

दरम्यान, प्रसिद्ध झालेल्या निबंधांनी आयबीएमच्या कुंपणाबाहेर आपले काम सुरू केले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग या प्राध्यापकांनी कॉड यांचे निबंध वाचून १९७३ मध्ये इंग्रेस हा प्रकल्प हाती घेतला. विद्यार्थ्यांच्या मदतीने घडवलेला हा डेटाबेस त्यांनी सोर्स कोडसह, नाममात्र शुल्क घेऊन, चुंबकीय फितींवर इतर विद्यापीठांना आणि संस्थांना पाठवला. 'ओपन सोर्स' हा शब्दप्रयोग रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ज्यांच्या हाती त्या फिती पडल्या, त्यांना रिलेशनल डेटाबेस आतून कसा बांधतात हे ओळीओळीने वाचता आले. दुसरीकडे लॅरी एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिस्टिम आरचे प्रसिद्ध निबंध वाचून १९७७ मध्ये एक लहानशी कंपनी काढली आणि १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणले. आयबीएमचे स्वतःचे एसक्यूएल-डीएस हे उत्पादन येण्यास १९८१ साल आणि डीबी-टू येण्यास १९८३ साल उजाडले. कल्पना ज्या घरात जन्मली, त्या घराने तिचा अंगीकार सर्वांत उशिरा केला.

मानसन्मान मात्र तोवर येऊ लागले होते. १९७६ मध्ये आयबीएमने कॉड यांना फेलो हा आपला सर्वोच्च तांत्रिक दर्जा दिला आणि १९८१ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील नोबेल समजला जाणारा टुरिंग पुरस्कार मिळाला. याच वर्षांत त्यांनी केलेले एक काम आज विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. राँदेव्हू या त्यांच्या प्रायोगिक प्रणालीत सामान्य माणसाने साध्या इंग्रजीत प्रश्न टंकायचा आणि तो संदिग्ध असेल तर यंत्राने उलट प्रश्न विचारून त्याचा आशय निश्चित करून घ्यायचा, अशी योजना होती. त्या काळच्या यंत्रांना ते ओझे पेलणारे नव्हते. साध्या भाषेतील प्रश्नावरून एसक्यूएल लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता सर्रास वापरली जातात. पण मनात आहे तेच विचारले गेले आहे ना, याची खातरजमा करण्याची कॉड यांची शिस्त त्यांनाही आवश्यक आहे.

१९८४ मध्ये कॉड आयबीएममधून बाहेर पडले आणि पुढे क्रिस डेट या आपल्या सहकाऱ्यासमवेत त्यांनी सल्लागार संस्था स्थापन केली. तोवर 'रिलेशनल' हा शब्द बाजारात खपू लागला होता आणि जुन्या प्रणालींवर नवे रंगकाम करून अनेक कंपन्या तो मिरवू लागल्या होत्या. त्यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये कॉड यांनी कंप्युटरवर्ल्ड या साप्ताहिकात आपले प्रसिद्ध १२ नियम मांडले. प्रत्यक्षात ते १३ आहेत, कारण गणितज्ञाला साजेल अशा रीतीने त्यांनी मोजणी शून्यापासून केली. त्या कसोटीला तेव्हाचे एकही उत्पादन पूर्णपणे उतरत नव्हते. अपूर्ण माहिती कशी नोंदवावी, या प्रश्नावर तर त्यांचे आणि डेट यांचेही मतभेद झाले. रिकाम्या जागेसाठी कॉड यांनी पुरस्कारलेले 'नल' हे चिन्ह आजही प्रोग्रामरांमध्ये वादाचा विषय आहे.

त्यांच्या उत्तरायुष्यावर एक डागही आहे. १९९३ मध्ये त्यांनी व्यावसायिक विश्लेषणासाठीच्या डेटाबेसांवर एक निबंध सहलेखकांसह प्रसिद्ध केला आणि ओलॅप ही संज्ञा रूढ केली. त्या निबंधाला आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीचे आर्थिक साहाय्य होते आणि याच प्रकारचे तिचे उत्पादन आदल्याच वर्षी बाजारात आले होते, हे उघड झाल्यावर बरीच टीका झाली. विक्रेत्यांच्या दाव्यांना आयुष्यभर कसोटी लावणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडावे, याची चुटपूट त्यांच्या चाहत्यांनाही लागली. तरी संज्ञा टिकली आणि तो विषयही वाढला.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातील विल्यम्स आयलंड येथील राहत्या घरी हृदयविकाराने कॉड यांचे निधन झाले. ते ७९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी डेटाबेस संशोधकांच्या सिग्मॉड या संघटनेने आपल्या सर्वोच्च पुरस्काराला त्यांचे नाव दिले.

त्यांच्या निधनाच्या सुमारास संकेतस्थळांच्या जगात एक स्थित्यंतर घडत होते. लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी या विनामूल्य मिळणाऱ्या चार साधनांवर एखादा विद्यार्थीही संकेतस्थळ उभारू शकत होता. मायएसक्यूएल १९९५ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले. ते २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आणि २०१० मध्ये सन कंपनीबरोबरच ओरॅकलने घेतले. तोवर मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याच सोर्स कोडवरून मारियाडीबी हा स्वतंत्र फाटा सुरू केला होता. सोर्स कोड खुला असल्यामुळेच हे शक्य झाले. बर्कलीच्या इंग्रेसची वंशवेलही पुढे वाढली. स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये पोस्टग्रेस सुरू केले, अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएलची जोड दिली आणि १९९६ पासून जगभरचे स्वयंसेवक ते पोस्टग्रेएसक्यूएल या नावाने सांभाळत आहेत. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये लिहिलेले एसक्यूलाइट तर कोणत्याही हक्काविना सर्वांसाठी खुले आहे आणि आपल्या खिशातील मोबाइलमध्ये ते निमूटपणे काम करीत असते.

२००९ च्या सुमारास नोएसक्यूएल या नावाने एक बंडखोर लाट आली. गुगल आणि अ‍ॅमेझॉन यांच्यासारख्या कंपन्यांच्या अफाट माहितीला तक्त्यांची चौकट अपुरी पडते, असे तिचे म्हणणे होते, आणि विशिष्ट कामांपुरते ते खरेही होते. मात्र साखळ्यांचा माग काढण्याचे जुने ओझे पुन्हा प्रोग्रामरच्या माथी येऊ लागल्याचे काही वर्षांतच अनेकांच्या लक्षात आले. गुगलने आपल्या स्पॅनर या प्रणालीला एसक्यूएलची जोड दिली. उलट बाजूने पोस्टग्रेएसक्यूएलने २०१४ मध्ये सैल रचनेच्या नोंदी कार्यक्षमतेने साठवण्याची सोय करून घेतली. कॉड यांचा सिद्धान्त मोडला नाही. त्याची कक्षा तेवढी रुंदावली.

पुणे, मुंबई वा बंगळुरूच्या कार्यालयात बसून एखादी तरुणी आज चार ओळींची क्वेरी लिहिते, तेव्हा माहिती कोणत्या चकतीवर आणि कोणत्या देशातील यंत्रात आहे, याचा विचार तिला करावा लागत नाही. एका कंपनीचा डेटाबेस महाग वाटला तर तक्ते उचलून दुसऱ्या, विनामूल्य डेटाबेसमध्ये नेण्याचा पर्याय तिच्या संस्थेपुढे असतो. ते काम फार सोपे नसते. पण शक्य असते. आयएमएस आजही काही मोठ्या संस्थांत चालू आहे आणि तिच्यात अडकलेली माहिती बाहेर काढणे किती कष्टाचे असते, हे तेथील तंत्रज्ञ जाणतात. माहितीचा मालक आणि माहिती ठेवणारे यंत्र यांची ही फारकत कॉड यांनी १९७० मध्ये काही पानांच्या निबंधात करून दाखवली. आपली स्वतःची माहिती उत्तरोत्तर थोड्या बलाढ्य कंपन्यांच्या यंत्रांत जाऊन बसत असताना, ती तिथून परत काढून घेता येईल का, हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा. तो विचारण्याची सोय तरी या अबोल गणितज्ञाने करून ठेवली आहे.